सोमवार-गुरुवारचं दुखणं

मी संशयी बाई नाही. मी लक्ष ठेवते, एवढंच. सतरा वर्षं बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आहे आणि एक गोष्ट शिकले आहे, की माणूस तोंडाने काहीही सांगो, आत जे आहे ते कुठून तरी बाहेर येतंच. म्हणून नवऱ्याला विचारत बसण्यापेक्षा मी त्याची गाडी तपासायला लागले.

त्याआधी मनालीबद्दल सांगायला हवं. माझा नवरा हर्षद साकीनाक्याला एका कंपनीत आहे. कंपनी त्याला आठवड्यातून तीनच दिवस बोलावते, सोमवार, मंगळवार आणि गुरुवार. बाकीचे दिवस तो घरून काम करतो आणि गाडी खाली पार्किंगमध्ये उभी असते. मनाली त्याच्याच टीममधली. गणपतीत आम्ही त्यांच्या साहेबांच्या घरी मुलुंडला गेलो होतो, तिथे मी तिला पहिल्यांदा पाहिलं. उंच, केस मानेपर्यंत कापलेले, दात छान. चहाचा ट्रे फिरत आला तेव्हा तिने सहज हात पुढे केला, एक कप उचलला आणि म्हणाली, "थांबा, हर्षदला अर्धाच चमचा साखर लागते."

बारा वर्षं मी ह्या माणसाला चहा करून देते आहे. त्या दिवशी मी मोदक खाल्ला, आरतीला टाळ्या वाजवल्या, साहेबांच्या बायकोला साडी छान आहे म्हटलं, आणि पूर्ण वेळ माझ्या डोक्यात तो अर्धा चमचा फिरत होता. मला जळफळाट झाला. दुसरा शब्द शोधून उपयोग नाही.

मग नोव्हेंबर आला. पहिल्या सोमवारी हर्षद जेवणाचा डबा गाडीत विसरून वर आला. मी आणायला खाली गेले. गाडीत बसले आणि सहज चावी फिरवली, तर रेडिओवर भलतंच स्टेशन. पहिल्या बटणावर मी जुन्या मराठी गाण्यांचं स्टेशन लावून ठेवलं होतं, तिथे नुसती खरखर. घड्याळ पाहिलं. माझ्या मनगटावर रात्रीचे आठ वाजले होते, गाडीत साडेबारा. किलोमीटरचा जो आकडा आपण शून्य करू शकतो, तो आम्ही दिवाळीच्या आधी शून्य केला होता. तो चारशेच्या पुढे असायला हवा होता, तिथे छत्तीस दिसत होता. आणि माझा फोन, जो गाडीत बसल्याबरोबर आपोआप जोडला जायचा, तो गाडीने ओळखलाच नाही. यादीच रिकामी होती.

मी डबा मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. घड्याळ कोण मागेपुढे करतं? ज्याला वेळ लपवायची असते तो. किलोमीटर कोण पुसतं? जो आडवाटेला जातो तो. आणि गाण्याचं स्टेशन बदलायला तर शेजारच्या सीटवर कोणीतरी बसायलाच लागतं. फोनच्या यादीत हर्षदचंही नाव नव्हतं, म्हणजे कोणाचं तरी पुसताना सगळ्यांचीच साफसफाई झाली.

वर आल्यावर मी डबा ओट्यावर ठेवला. आमच्या फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर असतं, त्यावर मी दुधाचे खाडे लिहिते. त्या सोमवारच्या चौकोनात दुधाच्या खाली बारीक पेन्सिलने लिहिलं: घड्याळ १२:३०, खरे ८. रेडिओ. फोन. किमी ३६. आणि त्याच्याखाली: मनाली?

मंगळवारी पुन्हा खाली गेले. सगळं जागच्या जागी. मी सोमवारी परत लावलेलं स्टेशन आणि घड्याळ तसंच. मंगळवारचा चौकोन कोरा राहिला. गुरुवारी मात्र घड्याळ परत चुकलं होतं. पुढच्या सोमवारी पुन्हा सगळंच, घड्याळ, रेडिओ, फोन, किलोमीटर. आकडा पुन्हा छत्तीस. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत नुसतं घड्याळ. तीन आठवडे मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तीन सोमवार, तीन गुरुवार, सहाच्या सहा वेळा काहीतरी होतंच. सोमवारी जास्त, गुरुवारी कमी. ह्याचाही अर्थ मी लावला होता. शनिवार-रविवार भेट नाही, त्यामुळे सोमवारी ओढ जास्त. गुरुवारी मध्ये एकच दिवस गेलेला, म्हणून कमी. मंगळवारी आदल्याच दिवशी भेटलेले, म्हणून काहीच नाही. असा सगळा हिशेब बरोबर जुळला की जीवाचं पाणी होतं हो.

हर्षदही गाडीबद्दल कुरकुरत होता. सकाळी चालू करताना म्हणे स्टीअरिंगचा पिवळा दिवा लागतो, चाक जड होतं, मग दहा मिनिटांनी आपोआप जातं. एकदा दरवाजांची लॉकं नुसतीच खडखड वाजली. तो ती गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. त्यांनी कॉम्प्युटर लावला, गाडी धुतली आणि सांगितलं, काहीच सापडत नाही. बॅटरीचंही पाहिलं, तिच्यावर एक छोटा गोल डोळा असतो, तो हिरवा होता, म्हणजे बॅटरी झकास.

मी मनात म्हटलं, वा. आता गाडी बिघडल्याचं नाटकही तयार आहे.

वीस तारखेच्या गुरुवारी घड्याळ सहाव्यांदा चुकलं, तेव्हा मी मुलुंडला आईला फोन केला. म्हटलं, सोमवारी कदाचित चार दिवसांसाठी येईन. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुझी आठवण येते. आईचा विश्वास बसला नाही, कारण मी असं कधी म्हणत नाही. मी कपाटातून निळी बॅग काढली आणि चार साड्या घालून पलंगाखाली सरकवली. मनाशी पक्कं ठरलं होतं. सोमवारी संध्याकाळी खाली जायचं, पाहायचं, आणि सातव्यांदा तेच दिसलं तर विचारायचंही नाही, निघायचं. बारा वर्षांचा संसार एका घड्याळावर टांगलेला होता आणि ते घड्याळ बघायला मला पुरते तीन दिवस थांबायचं होतं. त्या तीन दिवसांत मी नीट जेवले नाही.

रविवारी दुपारी हर्षदने अनंतादादांना फोन लावला. अनंतादादा त्याच्या वडिलांच्या ओळखीचे, कणकवलीकडचे, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. साकीनाक्याला गाळा आहे, राहायला दहिसरला. फोन स्पीकरवर होता. हर्षदने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "उद्या ऑफिसला जाताना गाडी तुमच्याकडे टाकतो."

"अजिबात नको," अनंतादादा म्हणाले. "तू गाडी चालवत माझ्याकडे आणलंस की ती वाटेत चार्ज होतली. मगे माका काय दिसतला? सर्व्हिसवाल्यांका पण म्हणानच काय गावला नाय. मीच उद्या सकाळी तुमच्या बिल्डिंगीत येतंय. तोपर्यंत चावी लावू नको, दरवाजो पण उघडू नको."

हे मला पटलं. आमच्याकडेही शुगर बघायची तर पेशंटला उपाशीपोटी बोलावतात. वाटेत वडापाव खाऊन आलेल्या माणसाचा रिपोर्ट काय कामाचा?

"आणि कधी कधी होता तां काय लिहून ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, एवढं कोण लिहितं," हर्षद म्हणाला.

"मी लिहिलंय," मी म्हटलं.

हर्षदने माझ्याकडे पाहिलं. मला स्वतःलाच कळलं नाही मी का बोलले. बहुतेक मला ते कोणाला तरी दाखवायचं होतं. तीन आठवडे एकटीने सांभाळलेला पुरावा होता तो.

सोमवारी सकाळी साडेसातला अनंतादादा स्कूटरवरून आले. साठीचे, बारीक अंगाचे, कानावर खोचलेला पेन्सिलचा तुकडा. मी लॅबमध्ये उशिरा येते म्हणून कळवलं होतं. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून छातीशी धरून खाली आणलं. बाकीच्या बायका सकाळी दुधाच्या पिशव्या आणतात, मी कॅलेंडर घेऊन उभी.

त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीवरचा तो गोल डोळा हिरवागार होता. हर्षद म्हणाला, "बघा, हिरवा आहे."

"बॅटरीत सहा सेल आसत," अनंतादादा म्हणाले, "ह्यो डोळो एकाच सेलात बघता. बाकीचे पाच मेले तरी ह्येका पत्तो नाय."

मग त्यांनी मीटरच्या दोन वायरी लावल्या. आकडा बारा आणि वर थोडा. मला वाटलं, चांगला असावा. त्यांनी हर्षदला आत बसवून चावी मारायला सांगितलं. स्टार्टर आळसावल्यासारखा घुर्र घुर्र झाला आणि मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला, आठच्याही खाली, मग गाडी कशीबशी चालू झाली. आत लॉकं खडखडली. पिवळा दिवा लागला. मी खिडकीतून वाकून पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर गाडीतलं घड्याळ विझलं, पुन्हा उजळलं, आणि त्यात एक वाजलेला होता. रेडिओवर खरखर.

गाडीत हर्षद एकटा होता. मी पाहत होते, तो कशालाही हात लावत नव्हता.

"बॅटरी म्हातारी झाली," अनंतादादा सांगत होते. "नुसती बसलेली आसली की बरी दिसता. उठून वजन उचल म्हटला की कमरेत मोडता. स्टार्टर सगळो करंट ओढून घेता, मगे घड्याळ, रेडिओ, लॉक, ह्येंका काय उरता? ती सगळी इसरतत. एकदा गाडी धावली की चार्ज होता, मगे दिवसभर काय नाय. एक-दोन दिवस उभी रवली की परत तोच प्रकार. गाडी घेतल्यापासून बॅटरी बदललास?"

"नाही. गाडी पाच वर्षांची, सेकंडहँड घेतली, घाटकोपरच्या एकाकडून. त्यानेही बदलली नसेल," हर्षद म्हणाला.

"मगे पाच वर्षां झाली. वहिनी, तुमचा कॅलेंडर दाखवा बघू. ह्यां पक्कां होऊक व्हया."

मी तारखा वाचून दाखवायला लागले. तीन तारीख, सोमवार. सहा, गुरुवार. दहा. तेरा. त्यांनी मला थांबवलं आणि कॅलेंडर हातातून घेतलंच. मी सोडत नव्हते, पण त्यांनी ओढलं. कानावरची पेन्सिल काढून ते चौकोनांवर टेकवत गेले.

"शाब्बास. घड्याळ साडेबारा, खरे आठ. म्हणजे एकपासून सुरू झाला आणि साडेअकरा तास चालला. आठातून साडेअकरा मागे जावा. सकाळचे साडेआठ. हय बघा, दहा तारीख, बारा पन्नास, खरे आठ वीस. परत सकाळचे साडेआठ. तू किती वाजता निघतंस रे?"

"साडेआठला," हर्षद म्हणाला.

"म्हणजे हयच. ह्याच पार्किंगात, चावी लावल्याबरोबर. आणि ह्यो छत्तीस आकडो. हयसून साकीनाको किती?"

"अठरा."

"जाऊन-येऊन छत्तीस. बरोबर." त्यांनी मान हलवली. "चाळीस वर्षां काम करतंय, पण असो रिपोर्ट माका कोणी दिल्यान नाय. वहिनी, तुम्ही माझ्या गाळ्यार येवा कामाक." मग ते चष्मा वर करून वाकले. "पण ह्यां खाली मनाली काय लिहिलास? ह्यो कुठलो पार्ट?"

मी कॅलेंडर परत घ्यायला हात पुढे केला. हर्षद गाडीतून उतरला, त्यांच्या हातातलं कॅलेंडर घेतलं आणि वाचायला लागला. अनंतादादांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "मी बॅटरी घेऊन येतंय. अर्धो तास लागात." स्कूटर चालू करून ते निघून गेले. इतका शहाणा माणूस मी अलीकडे पाहिला नाही.

सहा चौकोन. सहा वेळा तेच नाव, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. छत्तीस किलोमीटर मी स्वतःच्या हाताने तीनदा लिहिले होते, घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, मध्ये कुठे वळायलाही जागा नाही, आणि माझ्या डोक्यात एकदाही ते आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर त्याच वेळी हायसंही वाटत होतं. पलंगाखालची बॅग आठवली, आणि ती हर्षद ऑफिसला गेल्यावर गुपचूप रिकामी करता येईल असंही मनात आलं.

हर्षद चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. तो चौकोनांवरून बोट फिरवत होता.

"मानसी," तो म्हणाला, "मनाली गाडीत बसली होती."

"कधी?" मी विचारलं.

"तीनदा. चार, अकरा आणि अठरा तारखेला. तिन्ही मंगळवार. दिवाळीत जिन्यावरून पडली, पायाला प्लास्टर आहे. एरवी तिचा भाऊ न्यायला येतो, पण मंगळवारी त्याची सेकंड शिफ्ट असते. कांदिवली आपल्या वाटेवरच आहे. मागे बसते, तिच्या बिल्डिंगच्या गेटवर सोडतो आणि येतो."

मी कॅलेंडर त्याच्या हातातून घेतलं. चार तारीख, दूध एक लिटर. अकरा, दूध नाही. अठरा, गॅस आला. बाकी कोरं. आदल्या दिवशी गाडी चाललेली, बॅटरी चार्ज झालेली, त्यामुळे मंगळवारी घड्याळ बरोबर, रेडिओ बरोबर, सगळं ठणठणीत. ज्या तीन दिवशी ती खरोखर आमच्या गाडीत बसली होती, त्या तीन दिवशी मी खाली येऊन, सगळं तपासून, समाधानाने वर जाऊन झोपले होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. पहिल्या मंगळवारी दारात आलो तर तू म्हणालीस, 'आज खूश दिसतोयस.' ज्या आवाजात म्हणालीस ना, माझी हिंमतच झाली नाही. मग दुसऱ्या वेळी सांगायचं तर पहिल्या वेळी का नाही सांगितलं तेही सांगायला लागलं असतं. तिसऱ्या वेळी तर वाटच लागली होती."

"म्हणजे चूक माझी."

"माझी आहे. लपवलं ते मीच." त्याने कपाळ पुसलं. "पण तूही विचारायचं होतंस ना यार. तीन आठवडे तू रोज खाली येऊन गाडीला विचारत होतीस. मी वरच बसलेलो होतो."

माझा त्याच्यावर विश्वास बसला, हेही सांगून टाकते. प्लास्टर, भाऊ, सेकंड शिफ्ट, कांदिवलीचं गेट, सगळं खरं वाटलं आणि खरं होतंच. पण जळणं थांबलं नाही. मला वाटत होतं संशय गेला की जळणं जाईल. दोन्ही वेगवेगळी दुखणी निघाली.

"उद्या परत मंगळवार आहे," हर्षद म्हणाला. "प्लास्टर अजून पंधरा दिवस आहे. तिला सोडू की नको, ते तू सांग. नको म्हणालीस तर मी तिला रिक्षा करून देईन, आणि तुला कारण विचारणार नाही."

नको, असं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. इतकं टोकावर की तोंड बंद ठेवावं लागलं. गेटमधून अनंतादादांची स्कूटर आत येताना दिसली, पायांपाशी नवीन बॅटरी.

"सोड," मी म्हटलं. "पण पुढे बसव. मागे प्लास्टरचा पाय लांब करता येत नाही." रागात माणूस कधी कधी मोठेपणाचं बोलून जातो, तसं झालं.

नवीन बॅटरी बसली. मीटरचा आकडा चावी मारली तरी फारसा हलला नाही. अनंतादादांनी स्वतः घड्याळ लावून दिलं. मी लॅबला जाण्याआधी वर येऊन बॅग रिकामी केली आणि आईला फोन करून सांगितलं, येत नाही, काम आहे. आई म्हणाली, बरं झालं.

मंगळवारी संध्याकाळी मी खाली गेले नाही. हर्षद सव्वाआठला आला, बूट काढतानाच म्हणाला, "मनालीला सोडून आलो." मी म्हटलं, "हं." भाजीत मीठ दोनदा पडलं. त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

शनिवारी घाटकोपरला माझ्या मावसबहिणीकडे बारसं होतं. मंगळवारनंतर मी गाडीत बसलेच नव्हते. नवी साडी सावरत मी पुढचा दरवाजा उघडला आणि आत बसले, तर पाय हवेत. सीट मागे सरकवलेली होती, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत, आणि पाठही तिरकी केलेली होती. उंच बाईला प्लास्टरचा पाय पसरायला लागते तितकी. बारा वर्षांत आमच्या कुठल्याही गाडीत ती सीट माझ्या खाचेतून हललेली नव्हती.

हर्षदने पाहिलं. त्याचा हात सीट सरळ करायला पुढे येऊ लागला आणि मध्येच थांबला.

मी खाली वाकून दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली. एक खाच, दुसरी, तिसरी. माझ्या जागेवर आली तेव्हा टक्क आवाज झाला. पाठ सरळ केली, पदर नीट केला, पट्टा लावला. छातीत अजून जळत होतं, अगदी गणपतीत जळलं होतं तसंच.

"कसा आहे तिचा पाय?" मी विचारलं.

"बरा आहे," हर्षद म्हणाला. "पुढच्या मंगळवारी तू पण ये ना, कांदिवलीपर्यंत. तीच म्हणत होती."

मी साडीच्या निऱ्या पायांपाशी सारख्या केल्या.

"येईन," मी म्हटलं. "पण मग मागे मी बसणार नाही."